प्रवासातील जुलाब : ओ.आर.एस. कधी, सलाईन कधी?



अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. आपली माणसे वर्षातून दोन-तीनदा तरी लांबच्या प्रवासाला निघतातच. सीवूड्सच्या वस्तीतली कितीतरी घरे मूळची विदर्भ-मराठवाड्यातली, त्यामुळे सुट्टीत गावीही जाणे होते. प्रवासात जागरण होते, बाहेरचे खाणे होते आणि मिळेल ते पाणी प्यावे लागते. मग जुलाब लागतात. बहुतेकांचे दोन-तीन दिवसांत थांबतात. पण एखाद्याच्या बाबतीत काही तासांतच गोष्ट जिवावर बेतते. या वेळचा आरोग्याचा धडा त्याच काही तासांबद्दल आहे.

पुढचे चित्र डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून परतीची गाडी समृद्धी महामार्गावर जालन्याच्या आसपास आली आहे. मागच्या सीटवर एक आजी आहे. पहाटेपासून तिला आठ वेळा पाण्यासारखे जुलाब आणि तीन उलट्या झाल्या आहेत. मुलगा म्हणतो, "पोटात काही ठरत नाही, आता पाणीपण देऊ नका." शेजारची वहिनी म्हणते, "रात्री सीवूड्सला पोहोचलो की डॉक्टरकडे नेऊ, एक बाटली लावली की तरतरीत होतील." दोघांनाही आजीची काळजी आहे. तरीही दोघांचे म्हणणे चुकीचे आहे. पाणी बंद करणे ही पहिली चूक आणि सलाईनसाठी घरी पोहोचण्याची वाट पाहणे ही दुसरी.

जुलाबात माणूस कशाने दगावतो?

जंतूंपेक्षा शरीरातले पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे माणूस दगावतो. जोराचे जुलाब लागले की तासातासाला लोटाभर पाणी बाहेर पडते आणि त्याबरोबर मीठ व इतर क्षारही जातात. रक्त आटत जाते, नाडी वेगाने चालते आणि क्षीण होते. मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आणि लघवी बंद होते. शेवटी मेंदूला रक्त पोहोचत नाही, माणूस गुंगीत जातो. लहान बाळ आणि म्हातारे माणूस या वाटेवर सगळ्यात लवकर पुढे जाते.

म्हणून उपचाराचे पहिले काम जुलाब "बांधणे" हे नाही. गेलेले पाणी-मीठ परत भरणे हे पहिले काम आहे. ते भरण्याचे दोन रस्ते आहेत, तोंडाने ओ.आर.एस. आणि शिरेतून सलाईन. कोणता रस्ता कधी घ्यायचा, हे प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला कळले पाहिजे.

सलाईनच्या बाटलीत असते काय?

आपल्याकडे सलाईनला फार मान आहे. थकवा आला, ताप उतरला, उन्हाने चक्कर आली की "एक बाटली लावून घ्या" असे सर्रास म्हटले जाते. त्या बाटलीत नेमके काय असते ते पाहू.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी असते आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. जुलाबाच्या गंभीर रुग्णाला डॉक्टर शक्यतो रिंगर लॅक्टेट लावतात, त्याला आपल्याकडे आर.एल. म्हणतात. त्यात मिठाशिवाय पोटॅशियमसारखे क्षारही असतात. नुसते ग्लुकोजचे पाणी जुलाबाच्या रुग्णाला पुरत नाही, कारण गेलेले मीठ त्यातून परत मिळत नाही.

म्हणजे बाटलीत शक्ती नसते, पाणी आणि क्षार असतात. ज्याला तोंडाने पिता येते त्याला तेच पाणी आणि तेच क्षार तोंडाने देता येतात, आणि तेही सुई न टोचता. पण ज्याला पिता येत नाही किंवा ज्याचे रक्त फारच आटले आहे, त्याच्यासाठी हीच बाटली जीव वाचवते. त्याला पर्याय शोधत बसायचे नाही.

दोन जुन्या गोष्टी, दोन धडे

पहिली गोष्ट १८३२ सालची. स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याची साथ होती. लीथ गावच्या डॉ. थॉमस लॅटा यांनी मरणाच्या दारात असलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत मीठ-पाणी सोडले. सुमारे तीन लिटर पाणी गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला, नाडी परतली, ती बोलू लागली. डॉक्टरांनी तिला दुसऱ्याच्या देखरेखीखाली ठेवले आणि ते निघून गेले. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा पाणी भरले गेले नाही आणि काही तासांत ती गेली. धडा असा की रुग्ण उठून बसला म्हणजे उपचार संपला नाही. जुलाब चालू आहेत तोवर पाणी जातच असते आणि ते भरतच राहावे लागते.

दुसरी गोष्ट १९७१ सालची. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावला छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. तिथले रुग्णालय दोन खोल्यांचे आणि १६ खाटांचे. जमिनीवर रुग्ण दाटीवाटीने पडलेले, फरशी घाणीने भरलेली, आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या मापात मिसळून पाकिटे बनवली, पाण्याच्या पिपांत घोळ तयार केला आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच तो पाजायला लावले. आधी छावण्यांत शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. तिथे हे प्रमाण शंभरात चाराच्याही खाली आले. उरलेले सलाईन फक्त अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. आई, भाऊ, शेजारी यांनी चमच्याने आणि पेल्याने माणसे वाचवली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मधल्या काळात औषधे सुधारली, पण हा आजार संपलेला नाही. २०२२ च्या जुलैत आपल्याच राज्यात, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन कॉलरा पसरला आणि माणसे दगावली.

ओ.आर.एस. काम कसे करते?

जुलाबातही आपल्या लहान आतड्यातला एक दरवाजा उघडा राहतो. साखर आणि मीठ जोडीने आले की तो दोघांना आत घेतो, आणि त्यांच्यामागे पाणीही शरीरात जाते. एकटे पाणी इतके नीट शोषले जात नाही. म्हणूनच माप महत्त्वाचे आहे. साखर जास्त झाली तर उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद थंड पेये आणि डब्यातले गोड ज्यूस जुलाबात त्यामुळेच वाईट.

बाजारात "ओ.आर.एस." असे नाव छापलेली गोड पेयेही विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी घेताना पाकीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली पावडर हीच खरी ओ.आर.एस. एक लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ही पाकिटे मोफत मिळतात.

प्रवासात माप चुकू नये म्हणून सोपी युक्ती अशी. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या. दोन घोट पाणी स्वच्छ पेल्यात काढून ठेवा. पाकीट पूर्ण ओता, हलवा आणि काढलेले पाणी परत घाला. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कधीही घोळू नका, त्यात मीठ फार होते आणि बाळाला ते धोक्याचे आहे. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असेही करू नका. तयार घोळ २४ तासांत संपवा, उरला तर फेकून द्या.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घाला. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, डाळीचे पाणी हेही चालते.

किती पाजायचे?

पहिल्या पातळ जुलाबापासूनच सुरुवात करा.

- दोन वर्षांखालील बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्याने.
- दोन ते दहा वर्षांच्या मुलाला दर जुलाबानंतर अर्धा ते एक पेला.
- त्याहून मोठ्यांना हवे तितके.

उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा. मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. घटाघट पाजले तर उलटी होते, चमच्याने दिले तर बहुतेक वेळा ठरते. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मऊ भात, खिचडी, केळे असे खाणे चालू ठेवा. मुलाला आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणा. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, अशा १४ दिवस द्यायच्या. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करा.

जुलाब बांधणारी गोळी मुलांना देऊ नका. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही ती घेऊ नये. जंतुनाशक गोळ्या मनाने घेऊ नका. प्रत्येक जुलाबाला त्या लागत नाहीत, कोणाला लागतात ते डॉक्टर ठरवतील.

रुग्ण कोणत्या पायरीवर आहे?

चार गोष्टी पाहा : शुद्ध, डोळे, तहान आणि कातडी. कातडी पाहण्यासाठी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा आणि ती कशी परत जाते ते बघा.

पहिली पायरी : रुग्ण सावध आहे, डोळे नेहमीसारखे आहेत, नेहमीसारखे पाणी पितो, चिमटा लगेच सपाट होतो. वर सांगितल्याप्रमाणे घरीच किंवा गाडीतच ओ.आर.एस. द्या.

दुसरी पायरी : रुग्ण बेचैन किंवा चिडचिडा आहे, डोळे खोल गेले आहेत, पेला हिसकावून घेण्याइतकी तहान आहे, चिमटा सावकाश सपाट होतो. यातली दोन लक्षणे दिसली तर दवाखाना गाठायचा. तिथे डॉक्टरांच्या नजरेखाली चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर या हिशेबाने ओ.आर.एस. दिले जाते. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. या पायरीवरही बहुतेकांना सुई लागत नाही. वाटेत पाजणे थांबवू नका.

तिसरी पायरी : रुग्ण गुंगीत आहे किंवा बेशुद्ध आहे, डोळे फार खोल गेले आहेत, पिता येत नाही किंवा जेमतेम पितो, चिमट्याची घडी दोन सेकंद किंवा अधिक तशीच राहते. यातली दोन लक्षणे म्हणजे सलाईनची वेळ, आणि तीही आत्ताच. हातपाय गार पडणे, नाडी न लागणे, सहा-आठ तास लघवी न होणे, बाळाची टाळू खोल जाणे हीही धोक्याची चिन्हे आहेत.

म्हाताऱ्या माणसाची कातडी मुळातच सैल असते, तिथे चिमट्यावर विसंबू नका. जीभ, लघवी आणि शुद्ध पाहा.

तिसऱ्या पायरीवर एक बाटली का पुरत नाही?

गंभीर रुग्णाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटर आर.एल. द्यावे लागते. पन्नास किलोच्या आजीला पाच लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या. त्यातल्या पहिल्या तीन अर्ध्या तासात आणि उरलेल्या सात पुढच्या अडीच तासांत. दहा किलोच्या, वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्ध्या तासात ३०० मिलिलिटर आणि पुढच्या अडीच तासांत ७००. वर्षाखालील बाळाला हेच प्रमाण सावकाश, सहा तासांत देतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याचा आणि अतिकुपोषित मुलाचा हिशेब वेगळा असतो. त्यांना घाईने पाणी दिले तर ते छातीत भरते.

हा हिशेब डॉक्टरांनी करायचा, आपण नाही. पण तो ठाऊक असला की एक गोष्ट समजते. गल्लीतल्या दवाखान्यात बाकावर झोपवून दोन तासांत थेंबथेंब सोडलेली एक बाटली अशा रुग्णाला वाचवू शकत नाही. त्यात फक्त वेळ जातो. अशा रुग्णाला रुग्णालयच हवे. तिथे नाडी, श्वास आणि लघवी पुन्हा पुन्हा तपासतात, गरज पडली तर बाटल्या वाढवतात, आणि रुग्ण पिऊ लागला की सलाईन चालू असतानाच ओ.आर.एस. सुरू करतात. लॅटांच्या त्या रुग्णाची गोष्ट इथे आठवा.

उलट बाजूही तितकीच खरी. पहिल्या पायरीवरच्या माणसाला बाटली लावून पैसे आणि सुई दोन्ही वाया जातात, शिवाय शिरेला सूज येण्याची किंवा जंतू शिरण्याची जोखीम. सलाईन लावायचीच असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडलेली नवी सुई आणि नवी नळी हवी. बाटलीची मुदत पाहा, पाणी स्वच्छ आहे ना ते पाहा. विचारायला लाजू नका.

वाटेत असाल तर

आता त्या गाडीतल्या आजीकडे परत येऊ. तिला चमच्याने ओ.आर.एस. सुरू करायचे. ती गुंगीत जाऊ लागली, पिईनाशी झाली किंवा सकाळपासून लघवीच झाली नसेल, तर गाडी सीवूड्सकडे पळवायची नाही. १०८ ला फोन करायचा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात अथवा ग्रामीण रुग्णालयात उतरायचे. सोबत दोघांनी थांबावे, बाकीची गाडी पुढे जाऊ द्यावी. रेल्वेत असाल तर टी.सी.ला सांगा आणि १३९ वर फोन करा, म्हणजे पुढच्या स्थानकावर मदत मागता येते. वाटेतल्या छोट्या केंद्रात सलाईनची सोय नसेल, तर तिथले कर्मचारी नाकातल्या नळीतून ओ.आर.एस. देऊ शकतात. तेवढ्याने पुढच्या रुग्णालयापर्यंतचा वेळ मिळतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र आपण पाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवा.

घरी पोहोचल्यावर त्रास वाढला तर नेरूळचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि वाशीचे प्रथम संदर्भ रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये आहेत. शौचात रक्त, जोराचा ताप, भाताच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब, गरोदरपण किंवा रुग्ण सहा महिन्यांखालील बाळ असेल तर पायऱ्या मोजत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आठवणीने सांगा.

निघण्याआधी

पिशवीत ओ.आर.एस.ची चार पाकिटे, एक चमचा, झाकणाची एक लिटरची बाटली, साबणाची वडी आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी पाण्यात टाका आणि अर्धा तास थांबून प्या. गरम शिजवलेले खा. कापून ठेवलेली फळे, बर्फ, उघडी चटणी टाळा. भोजनदानाच्या मंडपात आपण वाढायला असाल तर पाण्याच्या पिंपाला नळ लावा, त्यात कोणाचा हात किंवा पेला बुडू देऊ नका, आणि हात धुवायला साबण ठेवा. हजारो माणसे एका पिंपावर पाणी पितात, त्यामुळे ही सेवा औषधापेक्षा मोठी आहे.

शेवटी एक गोष्ट. जुलाबाचा रुग्ण स्वतःलाच ओशाळतो. कपडे खराब होतात, वास येतो, गाडीतली माणसे तोंड फिरवतात, म्हणून तो त्रास लपवतो आणि पाणी पिणेही टाळतो. विनयपिटकात अशाच एका भिक्खूची गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा असे संघाला बजावले. आपल्या गाडीतल्या आजारी माणसाजवळ जाऊन बसा. त्याला धुवायला मदत करा, चमचा हातात घ्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट द्या. डॉक्टर भेटेपर्यंत त्याचा उपचार आपल्याच हातात आहे.

जय भीम!